बी.ई. इलेक्ट्रिकल: चार वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी मार्क देते, मग कारणं. पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन एकट्या मशीन लॅबचे (मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्ष चालवून बघायची लॅब), एक पॉवर सिस्टिमचा आणि अर्धा गणिताचा. कापलेला दीड कुठे गेला तेही सांगते. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवा: ही डिग्री घ्यायचीच असेल तर कॉलेजची मशीन लॅब बघून घ्या. इमारत बघून नको, आणि गेटवरचा प्लेसमेंटचा फ्लेक्स बघून तर मुळीच नको.

दर पावसाळ्यात कॅप राउंड (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की गावाकडून फोन येतात. "ताई, कॉम्प्युटर लागेल असं वाटत नाही, खाली इलेक्ट्रिकल टाकून ठेवू का?" फोनवर जे धड सांगता येत नाही ते इथे एकदाचं लिहून टाकते.

माल कुणी वापरला त्यावर रिव्ह्यू बदलतो, म्हणून माझी थोडी ओळख. नगर जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. अण्णा शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरून देतात. वार्निशचा वास आणि पायात येणारी तांब्याची तार यांतच मी वाढले. मी इलेक्ट्रिकल घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "मोटरी भरायला शिकायला एवढी फी? बापाकडे फुकट शिकली असतीस की." आत्याचा प्रश्न बिनतोड होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. सध्या मी नाशिकला एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. कॉलेज खासगी होतं, नाव देत नाही.

पहिलं वर्ष सोडूनच द्या. ते इलेक्ट्रिकलचं नसतंच. एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर), फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, सगळ्या ब्रँचना तेच. काचेखाली बल्ब लावून ग्राफिक्सच्या शीटची जीटी (ग्लास ट्रेसिंग, म्हणजे नक्कल) मारायची, वर्कशॉपमध्ये एक जॉब कानसने घासत बसायचं, आणि सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी स्टाफरूमबाहेर उभं राहायचं. बेसिक इलेक्ट्रिकल नावाचा एक विषय असतो, तो कॉम्प्युटरवाल्यांनाही असतो आणि ते चार वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडतात.

खरा माल दुसऱ्या वर्षी हातात येतो. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलंही तेव्हाच वर्गात येतात. बारावीवाल्यांना इंटिग्रेशन येतं पण स्टार्टर उघडला की हात थरथरतो. डिप्लोमावाल्यांचं नेमकं उलट. लॅबच्या बॅचमध्ये एक तरी डिप्लोमावाला मिळेल असं बघा. त्याला तुम्ही लाप्लास समजावून सांगा, तो तुम्हाला थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) कशी दाबायची ते शिकवेल. हा सौदा दोघांनाही फायद्याचा असतो.

ट्रान्सफॉर्मरवरच्या पहिल्या दोन टेस्ट म्हणजे ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट. पहिलीत एक बाजू उघडी ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण व्होल्टेज द्यायचं. करंट इतका कमी की साधा वॉटमीटर ढिम्म हलत नाही, लो पॉवर फॅक्टरचा घ्यावा लागतो (पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या करंटपैकी कितीचं खरं काम होतं त्याचं माप). त्यात जे वॉट दिसतात ते लोखंडात जाणारे. दुसरीत मजा आहे. ट्रान्सफॉर्मरची एक बाजू जाड वायरने सरळ शॉर्ट करायची आणि दुसऱ्या बाजूने डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करायचं उपकरण) सप्लाय द्यायचा. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून लांब राहायला सांगितलेलं असतं तीच गोष्ट मुद्दाम, सरांसमोर, सह्या घेऊन करायची. डिमरस्टॅट शून्यावरून जरा जरा सरकवत गेलं की रेटेड व्होल्टेजच्या अगदी थोड्या टक्क्यांवर करंट फुल लोडला पोचतो, आणि वॉटमीटर तांब्यातला लॉस दाखवतो. आता दोन्ही आकडे घ्या आणि वहीत फुल लोडची एफिशियन्सी काढा. ट्रान्सफॉर्मरवर एक दिवाही लावलेला नाही, तरी तो पूर्ण लोडवर कसा वागेल ते तुमच्या हातात.

विद्यार्थी असताना ही मला मार्कांची टेस्ट वाटायची. आज आमच्या टेस्ट बेवर दहा एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर येतो तेव्हा कळतं की दुसरा मार्गच नाही. दहा एमव्हीएचं लोड आणायचं कुठून? अख्खा साखर कारखाना आणून शेडमध्ये बांधणार का? मीटर डिजिटल झाले, पॅनल मोठं झालं, पण टेस्ट त्याच दोन.

दुसरं, थ्री फेज इंडक्शन मोटर. नेमप्लेटवर १४४० आरपीएम लिहिलेलं असतं. चार पोल आणि ५० हर्ट्झला फिरतं चुंबकीय क्षेत्र १५०० ने पळतं आणि मोटर कायम त्याच्या थोडी मागे राहते. पॉवर मोजायला दोन वॉटमीटर लावतात. मोटर रिकामी चालू केली की एका वॉटमीटरचा काटा उलटा जाऊन खुंटीला टेकतो. नवखा विद्यार्थी हमखास ओरडतो, "सर, कनेक्शन चुकलंय!" चुकलेलं काहीच नसतं. पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली असला की एक वॉटमीटर उणे दाखवणार, हे त्या पद्धतीच्या गणितातच आहे. सप्लाय बंद करायचा, प्रेशर कॉइलची टोकं बदलायची आणि रीडिंग उणे धरायचं. मग ब्रेक ड्रमचा पट्टा आवळत जायचं. ड्रममध्ये पाणी ओतावं लागतं, ते बघता बघता तापतं, पट्ट्याचा जळका वास येतो, आणि तिकडे त्या काट्याचं रीडिंग कमी कमी होत शून्यावर येतं. तिथे पॉवर फॅक्टर बरोबर ०.५. आणखी लोड टाकलं की काटा परत उलटा जाऊ बघतो, मग टोकं पुन्हा होती तशी करायची. फळ्यावर कोसाइन साठ अंश म्हणजे ०.५ असं शंभरदा लिहिलं असेल, पण ते दिसलं त्या काट्यात.

हे कळल्यावर घरचा धंदाही मला नव्याने कळला. कृषिपंपाला कपॅसिटर लावा, ऑटो स्विच काढा, असं महावितरण सारखं सांगत असते आणि आमच्याकडे ते कुणी फारसं मनावर घेत नाही. कपॅसिटर नसला की पॉवर फॅक्टर कमी, म्हणून लाइनमधून करंट जास्त, म्हणून फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडलेलं, म्हणून तिथली मोटर तेवढंच पाणी ओढायला आणखी करंट खेचते आणि तापते. त्यात लाइट आल्याबरोबर ऑटो स्विचमुळे डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम सुरू. चालू होताना प्रत्येक मोटर फुल लोडच्या कितीतरी पट करंट घेते. मग कधी डीपी उडते, कधी मोटर. अण्णांचं गिऱ्हाईक कसं तयार होतं ते मला दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमध्ये सापडलं. सुट्टीत मी त्यांना हे समजावून सांगितलं, तर म्हणाले, "सगळ्यांना सांगत नको फिरू."

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते.

तिसऱ्या वर्षी वाइंडिंग फॅक्टर आला, म्हणजे कॉइली कशा मांडल्या त्यावर व्होल्टेज किती उरतं त्याचा आकडा. मॅडमनी फळ्यावर चार पोल, छत्तीस स्लॉट (कॉइल बसवायच्या खाचा) घेतले. म्हणजे एका पोलला नऊ स्लॉट, दोन स्लॉटमध्ये वीस अंश, एका पोलखाली प्रत्येक फेजचे तीन स्लॉट. डिस्ट्रिब्यूशन फॅक्टर आला ०.९६. मग त्या म्हणाल्या, कॉइल पूर्ण नऊ स्लॉटची न घेता आठचीच घेऊ, पहिल्या स्लॉटमधून नवव्यात. मी लिहिता लिहिता थांबले. "एक ते नऊ" हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. अण्णांकडे एक वही आहे, कव्हर कधीच निघून गेलेलं, पानांना वार्निशचे डाग. जळालेली मोटर उघडली की कॉइली उपसायच्या आधी त्यात लिहून घ्यायचं: किती एचपी, किती स्लॉट, पिच, टर्न, तारेचं गेज. त्यात पानोपानी १–९, १–९. लहानपणी मी विचारलं होतं की एक ते दहा का नाही? अण्णा म्हणाले होते, "तांबं वाचतं. आणि मोटर कमी भुणभुणते."

मॅडमचं गणित पुढे असं गेलं. आठ स्लॉटची कॉइल घेतली तर मूळ लाटेतलं दीड टक्का जातं, पिच फॅक्टर ०.९८५. पण पाचवी हार्मोनिक (मूळ लाटेत मिसळलेली पाचपट फ्रिक्वेन्सीची नकोशी लाट) ६४ टक्क्यांवर येते आणि सातवी ३४ टक्क्यांवर. शिवाय स्लॉटच्या बाहेरचा कॉइलचा भाग आखूड होतो. तांबं वाचतं आणि भुणभुण कमी होते! अण्णांच्या दोन वाक्यांना आख्खं पान गणित लागलं, पण गणिताने एक जास्तीचं दिलं: किती. अण्णांना माहीत होतं की कमी होते. किती कमी होते आणि सात स्लॉटची कॉइल घेतली तर काय होईल, ते वहीत नव्हतं.

याचा उपयोग लवकरच झाला. गावातल्या एका गिरणीवाल्याला मोटरचा स्पीड कमी हवा होता, १५०० च्या जागी १००० च्या आसपास. मोटर जळालेलीच होती, म्हणाला भरतानाच बदलून द्या. अण्णा आहे त्या वाइंडिंगची हुबेहूब नक्कल डोळे मिटून करतील, पण चार पोलचे सहा पोल करायचे तर वहीत बघायला काही नव्हतं. मी कोअरची लांबी आणि आतला व्यास मोजला. सहा पोल म्हणजे प्रत्येक पोलच्या वाट्याला लोखंड कमी, लोखंडातली फ्लक्स डेन्सिटी तेवढीच धरून ठेवायची तर पोलमागचा फ्लक्स दोन तृतीयांश, म्हणून टर्न दीडपट, आणि जागा तेवढीच असल्यामुळे तार बारीक. एचपीही तेवढ्याच प्रमाणात उतरणार. "गिरणीवाल्याला आधी सांगा, पाच एचपीची मोटर तीन-साडेतीनचीच राहील," मी म्हटलं. अण्णांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मग तू खाली बस आणि फॉर्म्यावर कॉइली काढ." आत्या, उत्तर हे आहे. बापाकडे मोटर भरायला फुकट शिकले असते. जी मोटर अजून कुणी भरलेलीच नाही ती भरायला डिग्री लागली.

मशीन लॅबला दोन मार्क दिले ते यासाठी. पण हे दोन मार्क लॅबला आहेत, माझ्या कॉलेजच्या लॅबला नव्हेत, तिथूनच कपात सुरू होते. आमच्याकडचा अल्टरनेटर (एसी वीज तयार करणारं मशीन) मी प्रवेश घेतला तेव्हापासून बंद होता आणि मी बाहेर पडले तेव्हाही बंदच होता. व्ही कर्व्ह, स्लिप टेस्ट, लॅम्प लावून सिंक्रोनायझेशन (अल्टरनेटर चालू सप्लायशी ताल जुळवून जोडणं), या सगळ्याची रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून आली. सीनियरकडे ती त्यांच्या सीनियरच्या जर्नलमधून. कधीकाळी कुणीतरी ती खरी घेतली असतील अशी श्रद्धा. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) आले की ते मशीन कापडाने झाकलेलं असायचं. तीन दिवे एकदम विझतात त्या क्षणी स्विच टाकायचा, ही इलेक्ट्रिकलमधली सगळ्यात रोमांचक गोष्ट मी वहीत काढलेल्या चित्रावर शिकले. बंद मशीनच्या बदली मॅटलॅबवर सिम्युलेशन द्यायचे. सिम्युलेशन वाईट नाही, पण त्यात काही जळत नाही, वास येत नाही आणि कनेक्शन सैल राहत नाही. फील्डची वायर सुटली की डीसी शंट मोटर कशी सुसाट सुटते ते स्क्रीनवर फक्त एक वर गेलेली रेघ असते.

डीसी मशीनबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी लिहिते. अभ्यासक्रमात ती गरजेपेक्षा जास्त आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला पहिली इलेक्ट्रिक लोकल व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढची कित्येक दशकं डीसी मोटर म्हणजे मुंबईचा प्राण होता हे मान्य. पण ती सगळी लाइन आता २५ केव्ही एसीवर गेली, गाड्यांना थ्री फेज मोटरी आल्या. आर्मेचर रिअॅक्शन शिकवा, कॉम्युटेटर उघडून दाखवा, आणि पुढे चला. तो वेळ इन्व्हर्टर आणि ड्राइव्हला द्या, इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरींना द्या.

पॉवर सिस्टिमला मात्र पूर्ण एक मार्क. हा विषय वाईट शिकवला तरी चांगला राहतो, कारण उदाहरणं रोज पेपरात येतात. ३१ जुलै २०१२ घ्या. उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिड एकदम कोसळले. त्या भागात साठ कोटींच्या आसपास माणसं राहतात. आदल्या दिवशी पहाटेही उत्तरेचं ग्रिड गेलं होतंच. सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाइनवर झाली, आणि त्या लाइनवर कुठे झाड पडलं नव्हतं की वायर तुटली नव्हती. डिस्टन्स रिले (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारं उपकरण) व्होल्टेजला करंटने भागून बघतो; उत्तर लहान आलं की त्याला वाटतं पुढे फॉल्ट आहे. त्या दिवशी लोड इतकं वाढलं आणि व्होल्टेज इतकं पडलं की भागाकार फॉल्टसारखा आला, आणि रिलेने लाइन तोडली. मग एकामागून एक. वर्गात हे ऐकताना पहिल्यांदा कळलं की रिले सेटिंगचं जे गणित आपण "सहा मार्काला येतं" म्हणून घोकतो ते नेमकं कशासाठी आहे.

किंवा सोलापूर घ्या. दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका ठेक्यात नव्हतं, मध्ये फक्त डीसीचे दुवे होते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनने ते जोडलं गेलं आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच ५० हर्ट्झ झाला. माझा रूममेट गट सोलापूर-पंढरपूरकडचा होता, त्यातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, पाचशे केव्ही डीसीची, १५०० मेगावॉटची लाइन महाराष्ट्राला आडवी छेदून जाते, तीही पेपरात फक्त "शॉर्ट नोट लिहा" म्हणून येते. इंडस्ट्रियल व्हिजिटला पोफळीला गेलो होतो. कोयना प्रकल्प सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉटचा, डोंगराच्या पोटातलं पॉवरहाऊस, बोगद्यातून चालत जावं लागतं. बाकीचा सगळा वेळ गोव्यात गेला. व्हिजिट रिपोर्ट मात्र सगळ्यांचा पोफळीचा, आणि सगळ्यांचा एकच.

सिमेट्रिकल कंपोनंट्स नावाचं एक प्रकरण आहे, त्याला सगळे घाबरतात. फोर्टेस्क्यू नावाच्या इंजिनिअरने १९१८ साली मांडलं. तीन फेज बिघडले की त्यांना तीन सरळ गटांत मोडायचं: एक पुढे फिरणारा, एक उलटा फिरणारा, एक जागेवर. माझ्या डोक्यात ते अण्णांमुळे बसलं. एक फेज गेल्यावर चालत राहिलेली मोटर दुकानात येते तेव्हा अण्णा ती उघडून क्षणात सांगतात. स्टार असेल तर दोन फेजच्या कॉइली कोळसा आणि तिसरी नव्यासारखी पिवळी. डेल्टा असेल तर एकच काळी आणि दोन धड. हा उलटा फिरणारा गट रोटरला जवळजवळ दुप्पट फ्रिक्वेन्सीने कापतो आणि भाजून काढतो. पुस्तकात तीन बाण असतात. मी त्या जागी काळ्या-पिवळ्या कॉइली बघते.

गणिताला अर्धाच का? कारण गणित उत्तम आहे पण ते ज्या वेळी द्यायला हवं त्या वेळी देत नाहीत. एम-थ्रीमध्ये लाप्लास, फुरिए, झेड ट्रान्सफॉर्म शिकवतात ते गणिताच्या विभागातले सर. ते कुठे वापरायचं हे कंट्रोल सिस्टिमला कळतं, तोवर अर्ध्या वर्गाचा एम-थ्री बॅक (नापास होऊन राहिलेला) असतो. कॉम्प्लेक्स नंबरचंही तेच. स्टाइनमेट्झ नावाच्या इंजिनिअरने १८९३ साली एसी सर्किट काल्पनिक संख्यांनी सोडवायची रीत मांडली, त्याआधी लोक त्याच गणितासाठी डिफरन्शियल इक्वेशन घेऊन झटायचे. ही गोष्ट कुणी सांगितली असती तर आम्ही कॅल्क्युलेटरवर पोलर-रेक्टँग्युलरची बटणं इतक्या निर्जीवपणे दाबली नसती.

डिग्रीत जे मिळालंच नाही त्याचा राग नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आला. कंट्रोल वायरिंगचं ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. कॉलेजात चार वर्षं सिंगल लाइन डायग्रामच्या पुढे गेलोच नाही. आयएस (भारतीय) आणि आयईसीची (आंतरराष्ट्रीय) स्टँडर्ड कशी दिसतात ते माहीत नव्हतं. काम सुरू करायच्या आधी सप्लाय बंद करून कुलूप लावायचं, टॅग लावायचा, अर्थिंग रॉड टाकायचा, हे मला कारखान्यातल्या वायरमनकाकांनी शिकवलं, कॉलेजने नाही. चालू सीटीची (मोठा करंट मोजता यावा म्हणून कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी उघडी सोडायची नाही हे ओरलमध्ये विचारतात, पण प्रत्यक्ष सीटी कुणी दाखवत नाही. सुरक्षिततेचा विषय ऑडिट कोर्स (मार्क नसलेला) म्हणून आला आणि हजेरी लावून गेला. हा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि दुरुस्त करायला पैसाही लागत नाही.

तरीही नोकरी मिळाली ती थिअरीच्या जोरावर. इंटरव्ह्यूत विचारलं, ट्रान्सफॉर्मरला इंड्यूस्ड ओव्हरव्होल्टेज टेस्टमध्ये दुप्पट व्होल्टेज देतो तेव्हा फ्रिक्वेन्सी का वाढवतो? हा प्रश्न आमच्या कुठल्या पेपरात आला नव्हता. पण फ्लक्स म्हणजे व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी, हे दुसऱ्या वर्षी हाडात बसलेलं होतं. ५० हर्ट्झवरच दुप्पट व्होल्टेज दिलं तर फ्लक्स दुप्पट होऊ बघेल, कोअर सॅच्युरेट होईल, करंट हाताबाहेर जाईल. म्हणून १०० हर्ट्झ किंवा वर. आज ती टेस्ट मी स्वतः घेते.

प्लेसमेंटचं उघड सांगते. कॅम्पसला मोठ्या संख्येने मुलं उचलतात त्या आयटी कंपन्या. अॅप्टिट्यूड, थोडं कोडिंग, ब्रँच कुठलीही. माझ्या वर्गातले बरेच जण तिकडे गेले आणि सुरुवातीचा पगार त्यांचा माझ्यापेक्षा चांगला होता. कोअरमध्ये सुरुवात बारीक असते, एमआयडीसीत शिफ्ट असते, आणि मुलगी असेल तर "साइटवर कशी जाणार?" हे सगळे विचारतात, तुम्ही जाऊन आल्यावरही विचारतात. गेट ही परीक्षा देऊन सरकारी कंपन्यांत जाता येतं, महावितरण-महापारेषणच्या भरत्या निघतात, पण कधी निघतील आणि कधी पुऱ्या होतील त्यावर घर चालवू नका. सोलरमध्ये सध्या काम भरपूर आहे; शेतीला दिवसा वीज द्यायच्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे आमच्या तालुक्यातही पॅनलची शेतं दिसायला लागलीत. कोडिंगच करायचं नक्की असेल तर मात्र ही डिग्री घेऊ नका. चार वर्षं फेजरशी झगडून शेवटी आयटीत जाण्यात शहाणपण नाही, त्यापेक्षा साध्या कॉलेजात कॉम्प्युटर घ्या. उघड्या टर्मिनलची भीती वाटते म्हणून मात्र मागे सरू नका. ती वाटलीच पाहिजे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहितीपुस्तक वाचू नका. मशीन लॅब उघडायला सांगा. "आज लॅब असिस्टंट नाहीत" असं म्हणाले तर तेच उत्तर समजा. उघडली तर डीसी मशीनच्या कॉम्युटेटरवर नजर टाका: तपकिरी, चकचकीत असेल तर मशीन चालतं, धूळ असेल किंवा हिरवट गंज चढला असेल तर ते शोभेला आहे. टर्मिनलचे नट हाताने फिरवून बघा. ब्रेक ड्रमचा पट्टा झिजलेला असला पाहिजे, नवाकोरा पट्टा वाईट लक्षण. पायाखाली रबरी मॅट आहे का, इमर्जन्सीचं लाल बटण दाबून सप्लाय जातो का, विचारा. आणि तिसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला बाजूला घेऊन एवढंच विचारा: अल्टरनेटर सिंक्रोनाइझ केलास का स्वतः? तो हसला की पुढचं कॉलेज बघा.

पैशाचं. माझ्या वेळी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी माफ झाली, बाकी अण्णांनी भरली. आता मुलींसाठी गोष्ट बदलली आहे: २०२४-२५ पासून ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. हॉस्टेल आणि मेस यात येत नाही, त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिच्या अटी वेगळ्या वाचा. अर्ज महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला बारावीचा निकाल लागायच्या आधीच काढून ठेवा. एकदा कॅप सुरू झाला की सेतूत उभं राहायला जागा नसते आणि साइट दुपारनंतर चालत नाही.